गरोदर बाई कोणाच्या यादीत?



पाऊस सरत आला की आपल्या भागात दोनच गोष्टींची चर्चा असते. तोड कधी येणार आणि पहिली उचल किती मिळणार? चर्चा रास्त आहे, आम्हीही त्यातलेच आहोत. पण बॉयलरचा अग्निप्रदीपन समारंभ व्हायच्या आत एक तिसरा विषय आपल्यापुढे ठेवायचा आहे. आपल्या फडात आणि आपल्या घरात ज्या बाया दोन जिवांच्या आहेत, त्यांच्या पोटात काय जाते, हा तो विषय. "हे बायकांचं काम, कारखान्याच्या अंकात कशाला?" असे काही मंडळी म्हणतील. म्हणोत बापडे. ज्या उसावर आपला संसार उभा आहे त्याच्या मोळ्या बांधणारे आणि डोक्यावरून ट्रकात चढवणारे हात निम्मे बायकांचे आहेत, एवढे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय कारखान्याचाच ठरतो.

सरकारने काही केले नाही, अशी ओरड आम्ही करणार नाही. ती खरीही नाही. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बाल विकास योजना सुरू आहे. अंगणवाडीतून गरोदर बाईला रोज सहाशे कॅलरी आणि अठरा ते वीस ग्रॅम प्रथिने मिळतील इतका जादा आहार द्यायचा, असे तिचे माप आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर हा आहार बाईचा हक्कच केला. उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून गरोदर बायांची मोफत तपासणी होते. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात, आणि एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी झाली तर सहा हजार. गावात आशाताई आहे, अंगणवाडीताई आहे, नर्सबाई आहे. आणि तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर गरोदर बायांपैकी बावन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. आपला महाराष्ट्र थोडा बरा, इतकेच.

मग हे सगळे जाते कुठे? आम्ही चार ठिकाणी हिंडून विचारले आणि जे कळले ते असे, की प्रत्येकाजवळ आपापली यादी आहे आणि जिला सगळ्यात जास्त गरज आहे ती बाई एकाही यादीत नाही.

बघा कसे ते. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या टोळ्या गाव सोडतात. तिकडच्या अंगणवाडीच्या वहीत त्या बाईच्या नावापुढे "स्थलांतरित" असा शेरा पडतो आणि तिचा आहार थांबतो. ती इकडे येते. इकडच्या अंगणवाडीताईची यादी आपल्या गावातल्या घरांची. कोपीला घरनंबर नसतो. आशाताईला तळावर जायला कोणी सांगितलेले नसते. आणि गेलीच सकाळी अकराला, तर तळावर दोन म्हाताऱ्या आणि शेळी याखेरीज कोणी सापडत नाही, कारण टोळी पहाटे चारलाच फडात गेलेली. आपल्या कारखान्याची यादी पाहावी तर तिच्यात मुकादमाचे नाव आणि कोयत्यांची संख्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. करार नवऱ्याच्या नावाचा. बाईचे नावच नाही, तर ती कितव्या महिन्यात आहे हे कुठून कळावे?

आता दिवस मोजा. दिवाळीला पाचवा महिना लागलेली बाई पाडव्याच्या सुमारास बाळंत होणार. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. म्हणजे गोळ्यांचे दिवस आणि आपल्या गाळपाचे दिवस जवळजवळ एकच. बाईला ज्या काळात अन्न, औषध आणि विसावा हवा, नेमक्या त्याच काळात ती आपल्या उसात असते. तिची ही सारी जबाबदारी बीडच्या अंगणवाडीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

पोटाला काय लागते याबद्दल आपल्याकडे गैरसमज पुष्कळ. भाकरी पोटभर झाली की झाले, असे आपण मानतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो गरोदर बायांची पाहणी केली. गावे आपल्यासारखीच, शेतकऱ्यांची. दिवस राहण्यापूर्वी त्या बायांचे सरासरी वजन किती, तर बेचाळीस किलो! अहो, सिमेंटचे पोतेसुद्धा पन्नास किलोचे असते. त्यांची पुऱ्या दिवसांची मुले सरासरी पावणेतीन किलोच्याही आतच. त्या पाहणीत दिसले ते असे, की नुसत्या जास्त भाकरीने बाळाचे वजन वाढल्याचे आढळले नाही. पण ज्या बाया पालेभाजी, दूध आणि फळे वरचेवर खात होत्या त्यांची बाळे अधिक भरलेली होती. आणि हा फरक सर्वांत जास्त कोणात, तर सर्वांत किडकिडीत बायांत. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. ज्या बायांच्या अंगावर शेतातले आणि घरातले कष्टाचे काम जास्त, त्यांची बाळे लहान निघाली.

ती बाई पाणी भरणारी, खुरपणी करणारी होती. आपल्या फडातली बाई पहाटेपासून वाकून मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, मग रात्री चुलीपुढे बसते. तिच्या ताटात काय असते ते आम्ही तळावर पाहिले आहे. भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी वरण, आणि दिवसातून चार वेळा कोरा चहा. चहाची तर वेगळीच गंमत. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातले आणि गोळीतले लोह अंगी लागत नाही. म्हणजे गोळी मिळाली तरी ती चहाबरोबर घेतली की निम्मी वाया. हे तिला कोणी सांगितलेले नाही. गोळी घेतल्यावर मळमळते, शौचाला काळी होते, म्हणून घाबरून ती गोळ्या कोपीच्या कुडात खोचून ठेवते. गोळी रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी; कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी; काळी शौच हा रोग नव्हे. तीन वाक्ये आहेत. पण ती सांगायला कोणीतरी तळावर संध्याकाळी जायला हवे.

आणि विसाव्याचे काय? बाई कामावर गेली नाही तर खाडा पडतो, नवऱ्याचा अर्धा कोयता होतो, उचल फिटत नाही. खाड्याच्या धाकाने बाया काय काय सोसतात हे २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची चौकशी राज्य सरकारला समिती नेमून करावी लागली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने वाचले. त्यावर इथे अधिक लिहीत नाही. वाचणाऱ्याच्या घरातही लेकीबाळी आहेत.

घरातल्यांचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. सभासदाच्या घरची सून फडात जात नाही, म्हणून ती सुखात आहे असे समजू नका. तिला तालुक्याला नेऊन सोनोग्राफी होते, महागड्या पावडरीचा डबा घरी येतो, आणि लोहाच्या गोळ्या मात्र कपाटातच राहतात. त्या डब्याच्या किमतीत महिनाभर रोज एक अंडे येते. गोठ्यात दोन म्हशी असतात आणि सारे दूध डेअरीला जाते. घरात चहापुरते उरते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर, खरवडलेल्या पातेल्यातले तिच्या वाट्याला. "जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतपण अडतं" हे सासूबाईंचे शास्त्र अजून चालू आहे. बाळंतपण अडण्याची कारणे निराळी असतात, आणि कमी वजनाच्या बाळाला धोका जास्त असतो, हे त्या माउलीला समजावणार कोण?

बांधावरची भाजी तर आपणच मारली. पूर्वी पावसाळ्यात तांदूळजा, घोळ, कुंजीर, पाथरी आपोआप उगवत असे आणि बायका खुरपताना ओटीत भरून आणत. आता लावण झाली की तणनाशकाचा फवारा. उसाशिवाय रानात काही हिरवे दिसत नाही. उसाने पैसा दिला हे नाकारता येणार नाही, पण मटकी, हुलगा, बाजरी, तीळ ताटातून गेले ते गेलेच. आणि आम्ही साखर काढणारे असलो तरी स्पष्ट सांगतो, साखरेने अंगात रक्त चढत नाही. गुळाचे नाव फार आहे. गुळात थोडे लोह असते, पण रक्त कमी असलेल्या बाईला गूळ गोळीची जागा घेऊ शकत नाही.

आता उपाय. आम्हाला जामखेडची आठवण होते. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथे आले. जामखेड म्हणजे बीडच्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेला कोरडा मुलूख. आपल्या टोळ्यांचाच प्रदेश. नुसता दवाखाना थाटून बसले असते तर पेशंटांची कमतरता नव्हती. पण गावच्या लोकांना पहिली गरज औषधाची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. तेव्हा विहिरी, शेती, मुलाबाळांचे सामुदायिक स्वयंपाकघर आणि गरोदर बायांची तपासणी, सारे त्यांनी एकाच दावणीला बांधले. त्या कामाचा कणा कोण, तर गावातल्याच बाया, बऱ्याचशा निरक्षर, त्यांतल्या अनेक दलित समाजातल्या. त्यांना शिकवून गावाचे आरोग्य त्यांच्या हाती दिले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला त्यातून घेण्यासारखे वाटते ते असे, की अन्न एकाकडे, औषध दुसऱ्याकडे, पाणी तिसऱ्याकडे असे केले की बाई मधल्या फटीतून खाली पडते.

ही फट बुजवायची ताकद आपल्या भागात फक्त एका संस्थेत आहे, आणि ती आपला कारखाना. का? अमुक टोळी आज कोणत्या गटात, कोणाच्या फडात आहे, हे आरोग्य खात्याला ठाऊक नसते, अंगणवाडीला नसते, मामलेदारालाही नसते. आपल्या शेतकी विभागाला मात्र रोज ठाऊक असते. त्याशिवाय तोडीचा कार्यक्रम लागणारच नाही. स्लिप घेऊन जाणारा आपला माणूस दररोज प्रत्येक फडात जातो. ऊस किती टन आला हे आपण किलोपर्यंत सांगतो, मग फडात किती गरोदर बाया आहेत हे सांगता येणार नाही काय?

आमचे म्हणणे असे. मुकादमाशी करार करताना कोयत्याबरोबर बाईचेही नाव, वय आणि दिवस गेलेले असल्यास महिना लिहून घ्यावा. तिच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर त्याचा नंबर टिपावा. मात्र एक खबरदारी हवी. ही यादी मुकादमाच्या हाती पडता कामा नये. नाहीतर गरोदर बाई आहे म्हणून जोडीच नाकारली जाईल, किंवा उचल कापली जाईल, आणि बाया दिवस लपवू लागतील. म्हणून हे विचारण्याचे काम बाईमाणसानेच करावे, टोळी तळावर उतरल्यावर. आशाताई आणि कारखान्याच्या दवाखान्यातली नर्स अशी जोडी बरी. यादीची एक प्रत अंगणवाडीला, एक उपकेंद्राला. अंगणवाडीच्या कामासाठी २०२१ पासून जे पोषण ट्रॅकर आले आहे त्यात स्थलांतरित बाईचे नाव एका गावातून दुसऱ्या गावात घेण्याची सोय आहे. म्हणजे कायदा आड येत नाही. आड येते ते "ही आमच्या गावची नाही" हे वाक्य.

दुसरे, आठवड्यातून एक संध्याकाळ तळावर. गावात ग्राम आरोग्य व पोषण दिन होतो तसाच, पण सहा वाजल्यानंतर. रक्त तपासणे, वजन, रक्तदाब, धनुर्वाताचे इंजेक्शन, गोळ्या. हिमोग्लोबिन अकराच्या खाली आले की रक्त कमी. सातच्या खाली गेले तर ती बाई त्याच दिवशी दवाखान्यात गेली पाहिजे. नऊ तारखेच्या तपासणीला नेण्यासाठी कारखान्याची जीप. पाहुण्यांना ने-आण करायला ती निघतेच की.

तिसरे, जेवण. घरी न्यायच्या पाकिटाने काम भागत नाही, कारण पाकीट कोपीत गेले की चार तोंडांत वाटले जाते, आणि आईचे तोंड शेवटचे. आदिवासी भागात २०१५ साली डॉ. अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू झाली, तिच्यात बाईला तयार चौरस जेवण देतात; ते तिने तिथेच बसून खावे, अशी कल्पना. तळावर संध्याकाळी तसेच एक ताट द्यावे. भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे किंवा ते खात नसेल तिला दूध-दही, आणि शेंगदाण्याचा लाडू. पहाटे फडात नेण्यासाठी दोन लाडू आणि फुटाणे पुरचुंडीत बांधून द्यावेत. सातवा महिना लागला की बाईच्या डोक्यावर मोळी देऊ नये, तिला या स्वयंपाकघरात निवडण्या-टिपण्याचे किंवा तळावरची पोरे सांभाळण्याचे काम द्यावे, मजुरी कारखान्याने द्यावी आणि तिचा खाडा धरू नये. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. खाडा चालू ठेवून लाडू वाटणे म्हणजे बैलाला पेंड घालून नांगर दुप्पट खोल धरण्यातला प्रकार.

पैसा कुठून? हा प्रश्न येणारच, तेव्हा हिशेबच मांडू. समजा हंगामात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मिळून दोनशे बाया आहेत. ताटाला साठ रुपये धरा, दिवस दीडशे. एकूण अठरा लाख रुपये. गाळप सहा लाख टन धरले तर टनामागे तीन रुपये. ज्याचा पन्नास टन ऊस जातो त्याला दीडशे रुपये. ऊसबिलातून इतक्या कपाती होतात, त्यांतल्या निम्म्यांची नावेसुद्धा आपल्याला सांगता येत नाहीत. फडात खुशाली आणि ट्रकवाल्याला एंट्री देताना आपला हात खिशात किती सहज जातो! "ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनावर रक्कम जातेच की," असे कोणी म्हणेल. जाते. मग महामंडळाकडे हे काम मागायलाही आपल्याकडे बायांची यादी हवीच. अंगणवाडीचा शिधा आणि उपकेंद्राची औषधे जोडली तर खर्च आणखी खाली येईल. सहकारी कारखान्यांनी असली कामे केली नाहीत असेही नाही. प्रवरेच्या सहकारातून लोणीला रुग्णालय उभे राहिले. आपण तर फक्त एका चुलीबद्दल बोलत आहोत.

दुसरा आक्षेप असा येईल, की टोळी मुकादमाची, मजूर मुकादमाचे, कारखान्याचा संबंध काय? कायद्याच्या कागदावर हा युक्तिवाद चालत असेल. पण टोळी एक दिवस उशिरा आली की आपण कोणाच्या दारात जाऊन ओरडतो? मुकादमाच्या की चेअरमनांच्या? ऊस तोडायला ती आपली, आणि दुखण्याला मुकादमाची, हा न्याय आम्हाला पटत नाही.

सभासदांनी आपल्या फडापुरतेही काही करावे. टोळी आपल्या रानात आहे तोवर प्यायच्या स्वच्छ पाण्याची घागर आणि सावलीला एक कापड, एवढे तरी. म्हशीचे दूध डेअरीला जाण्यापूर्वी त्यातले अर्धा लिटर फडातल्या गरोदर बाईला आणि अर्धा लिटर घरातल्या सुनेला. उसाच्या बांधाला शेवगा लावा, दोन ओळी मेथी-पालक टाका, तेवढ्या कोपऱ्यात तणनाशक मारू नका. सासूबाईंनी सुनेला आपल्याबरोबर जेवायला बसवावे. याला कुठल्याही ठरावाची गरज नाही.

ठरावाची गरज आहे ती टनामागच्या तीन रुपयांना. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर आहे, टोळ्या दसऱ्यानंतर यायला लागतील. हा विषय आयत्या वेळच्या विषयांत ढकलला तर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. तोवर निम्मी सभा जेवणाच्या रांगेत गेलेली असते. तेव्हा ठराव लेखी, मुदतीत आणि सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसह गट ऑफिसात द्यावा. पुष्कळ शेअर घरातल्या बायकांच्या नावावर आहेत आणि सभेला मात्र त्यांचे मालक येतात. या एका ठरावापुरते तरी मालकांनी घरी थांबावे आणि सूचक म्हणून बाई सभासदाला पाठवावे. तिला यायला गाडी लागली तर तिच्या गटाच्या संचालकांना सांगावे.